बारशाआधी ओतलेलं पाणी

माणूस अठराव्या वर्षी मोठा होतो असं कायदा म्हणतो. माझ्या बाबतीत कायद्याचा अंदाज सोळा वर्षांनी चुकला. तोवर मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, समुद्र ओलांडून आयर्लंडला आलो, बाप झालो, आणि या गडबडीत मोठं व्हायचं तेवढं राहून गेलं. पुण्याहून येताना सामानात जे जे आणलं होतं, त्यात माझं पोरपणही होतं आणि त्याचं वजन कुठल्याच काट्यावर दिसलं नाही. ते उतरलं एका हिवाळ्यात, तीन दिवसांत, नळाला पाणी नसताना.

आमचं घर ॲथलोनच्या कडेला, तेजीच्या दिवसांत घाईघाईनं उठवलेल्या वसाहतीत. दर्शनी बाजूला मोठी काचेची खिडकी, दाराला पितळी ठोकणी, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. शो असा की पुण्याहून आलेल्या माणसाला वाटावं, आता फक्त दाराशी हत्ती झुलायचा राहिला. आणि रस्त्यावरून घरात येणारा पाण्याचा पाइप जेमतेम वीतभर खोल! ज्या कुणी तो पुरला त्यानं नक्की कमरेवर हात ठेवून ‘ग्रँड’ म्हटलं असणार. या देशात सगळंच ग्रँड असतं. प्रकृती कशी, ग्रँड. छप्पर गळतंय, पण ग्रँड. हजारो वर्षं इथं थंडी पडते आहे, तरी दर हिवाळ्यात पहिलं पाणी गोठलं की सगळा देश असा अचंब्यानं बघतो, जणू बर्फ नावाचा पाहुणा न कळवता दारात उभा राहिलाय.

पण घर बांधणाऱ्याला नावं ठेवताना माझी जीभ जरा जपूनच चालते, कारण त्या घरातला सर्वांत ग्रँड माणूस मी होतो. औषधांच्या एका कारखान्यात मी युटिलिटीज इंजिनीअर. म्हणजे वाफ, गरम पाणी, गार पाणी, त्यांचे पंप आणि किलोमीटरच्या किलोमीटर पाइप. आपल्या लोकांच्या गणपतीत, दिवाळीत कुणी विचारलं, की ‘पाण्याचं सगळं मीच बघतो’ असं मी हात मागे बांधून सांगायचो. त्यामुळे ऑक्टोबरात मी माळ्यावर चढलो आणि एका शनिवार-रविवारात सगळा माळा काचेच्या लोकरीनं मढवून काढला. इथल्या घरांत छपराखाली पाण्याची टाकी असते आणि न्हाणीघरातल्या नळांना तिचंच पाणी येतं. त्या टाकीच्या खालीसुद्धा मी लोकरीचे दोन थर ठासून भरले. माळ्यावर चढायच्या दारवजा झडपेला रबराची पट्टी लावली. खालची ऊब वर जाऊन फुकट जायला नको, एवढं साधं गणित या लोकांना कसं कळत नाही, याची मला कीव आली.

शेजारी मार्टिन राहायचा. कुंपणापलीकडे त्याचा बापाच्या वेळचा बैठा बंगला. आयुष्यभर त्यानं दलदलीतून जळणाचं पीट काढलं होतं आणि निवृत्त झाल्यावर त्याला दुसऱ्यांच्या घरांकडे बघायला भरपूर वेळ होता. थंडी सुरू झाली त्या दिवशी तो कुंपणाशी येऊन म्हणाला, “शिरीष, रात्री माळ्याची झडप उघडी टाक बरं. थोडी ऊब वर जाऊ दे.”

“मार्टिन,” मी म्हटलं, “मी हेच काम करतो.”

“अच्छा,” असा त्याचा चेहरा झाला. “मग ग्रँड.”

घरात त्या दिवसांत आणखी एक सत्ता नांदत होती. माझ्या सासूबाई. बायकोच्या, म्हणजे मेधाच्या, बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरता त्या कोल्हापूरकडून आल्या होत्या. येताना अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि बाजरीचं पीठ घेऊन. पहाटे केरोसिनचा बॉयलर भुस्सकन पेट घ्यायचा, पाठोपाठ त्यांच्या बांगड्या वाजायच्या, मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायचा. सगळं घर शेपा आणि ओव्याच्या धुरीनं भरून जायचं. धुराचा अलार्म रोज सकाळी बोंबलायचा आणि सासूबाई त्याला खालून लाटणं दाखवून गप्प बसायला सांगायच्या. मेधाला अळिवाची खीर, दुपारी लसणाची चटणी नि तूप-भाकरी, उरलंसुरलं मला. तेव्हा मी त्या खिरीला नाक मुरडायचो. आता सुपरफूड म्हणून तीच विकत आणतो आणि वर दह्यात घालून खातो. माणसाच्या मूर्खपणाला वयाची अट नाही.

सासूबाईंच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही पाऊण तास. त्यामुळे संध्याकाळ झाली की त्यांचे हात आपोआप नळाकडे जायचे. कुकर, पातेली, डबे, केक करायचं भांडं, बाळाच्या आंघोळीची बादली, सगळं काठोकाठ भरून स्वयंपाकघरात ओळीनं लागायचं. वर झाकण्या. झाकणी कमी पडली तर ताटली. सकाळी त्यातलंच पाणी वापरायचं आणि संध्याकाळी पुन्हा भरायचं. पंधरा भांडी, मी मोजली होती, कारण जाता-येता एकाला तरी माझा पाय लागायचा.

“आई, इथं चोवीस तास पाणी असतं हो,” मी सांगायचो.

“व्हय की,” त्या म्हणायच्या. “तितं आमच्याकडं बी कागदावर चोवीस तासच हाय. भरल्यालं पाणी काय खायला मागतंय का जावईबापू?”

मी मेधाकडे बघून डोळे फिरवायचो. मेधा हसायची. आईला हसणं आणि नवऱ्याला हसणं, यात त्या दिवसांत तिला नवऱ्याच्या बाजूनं हसणं सोपं वाटत असावं. मीही ते मोठ्या हक्कानं घेत होतो.

बारसं शनिवारी ठरलं होतं. बाराव्या दिवशी करायचं ते लांबत लांबत सहाव्या आठवड्यावर आलं होतं आणि त्यापुढे लांबवायला जागाच नव्हती, कारण सोमवारी सासूबाईंचं विमान होतं. मुलीची मुलगी, पहिलं नातवंड. “येकदा पाळण्यात घालून नाव घेतलं की मी मोकळी,” हे त्यांनी महिनाभर रोज कुणाला ना कुणाला सांगितलं होतं. मार्टिनलासुद्धा. तो मराठीत मान हलवायला शिकला होता. तीस माणसं येणार होती. घुगऱ्या, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. पाळणा नव्हता, म्हणून वेताची एक टोपली शोधून सासूबाईंनी तिला आपल्या नऊवारीचा काठ शिवून लावला होता. वेण्या, झालरी, सगळं तयार.

गुरुवारी दुपारी वर्तकसाहेब आले. हे नावन नावाच्या गावात राहायचे, आमच्या लोकांतले ज्येष्ठ, कारखान्यात माझ्या वरचे. शनिवारी यायला जमणार नव्हतं म्हणून नवराबायको आधीच बाळाला बघायला आले. चार दिवस कडाक्याची थंडी होती, बाहेर सगळं पांढरं आणि काचेसारखं कडक. चहा व्हायला लागला तसे साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. खाली ओळीनं पंधरा भांडी.

“काय रे शिरीष,” ते म्हणाले, “ॲथलोनला टँकर सुरू झाले का?”

वर्तकबाई खोखो हसल्या. मीही हसलो. असा हसलो की साहेबांपेक्षा अर्धा सेकंद जास्तच. सासूबाई चहा गाळत होत्या. त्यांनी साखरेचा डबा पुढे केला, एवढंच.

आता इतक्या वर्षांनी त्या विनोदाकडे बघितलं तर तो धड विनोदही नाही. पण चौतिसाव्या वर्षी मला साहेबांचं एक वाक्य असं बोचलं, की ते गेल्यावर, सासूबाई वर बाळाला शेक द्यायला गेल्या असताना, मी एकेक भांडं उचललं आणि सिंकमध्ये रिकामं केलं. सगळी पंधरा. मग पुसून, उपडी घालून ठेवली. मला फार बरं वाटलं. स्वयंपाकघर एकदम आयरिश दिसायला लागलं. सासूबाई खाली आल्या, त्यांनी उपड्या भांड्यांकडे बघितलं.

“आई, आता नका भरू,” मी म्हटलं. “लोक येतात-जातात. बरं दिसत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. बस. नंतर किती तरी वेळ त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, रिकाम्या हातांना काय काम द्यावं ते न सुचल्यासारख्या.

शुक्रवारी सकाळी मी नळ उघडला. नळानं आधी खाकरल्यासारखं केलं, मग एक लांब सुस्कारा सोडला आणि गप्प झाला. स्वयंपाकघरातला नळ थेट रस्त्यावरच्या पाण्याचा. वीतभर खोल पुरलेला पाइप अपेक्षेप्रमाणे गोठला होता. हरकत नाही, मी मनात म्हटलं, माळ्यावर टाकी आहे. न्हाणीघरात गेलो. तिथला नळ तर खाकरलाही नाही.

जिन्यावरून मेधा बाळाला घेऊन खाली आली. “पाणी नाही? अरे, आज बाळाची आंघोळ आहे, उद्या तीस माणसं… बरं, आईनं भरून ठेवलंय ना.” ती वळली. उपडी भांडी. “आई? तू रोज भरतेस ते पाणी कुठंय?”

हा तो क्षण. वाचणाऱ्याला वाटेल, मी आता बोललो असेन. मला कंठ होता, मराठी भाषा येत होती, वाक्यही छोटं होतं. मी किटलीकडे बघत उभा राहिलो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मीच वतलं गं,” त्या म्हणाल्या. “शिळं झालं हुतं.”

“काय म्हणावं तुला!” मेधा सहा आठवड्यांची जागलेली होती, ती तडकलीच. “नको तेव्हा तीन महिने घरात पाय ठेवायला जागा ठेवली नाहीस, आणि हवं त्या दिवशी नेमकं ओतून मोकळी! आता बारसं कशावर करायचं? रद्द करू? सोमवारी जाशील निघून, मग बस तिकडं फोटो बघत.”

आणि तेव्हा मी बोललो. काय बोललो ते लिहिताना आज पेन जड होतं, पण लिहायचंच असं ठरवून बसलोय. मी म्हटलं, “जाऊ दे गं मेधा. वय झालं की असं होतं.”

सासूबाई तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. मी आणखी बारा वर्षांनी त्या वयाला पोचेन.

त्यानंतर त्यांनी एक पातेलं उचललं, पायांत माझे लोकरी मोजे आणि त्यावर चपला घातल्या आणि मागच्या अंगणातला स्वच्छ बर्फ भरून आणला. गॅसवर ठेवला. भरलेलं पातेलं वितळून तळाला तांब्याभर पाणी उरलं. “ह्यात काय दम न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता दारातून कुंपणाकडे गेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मार्टिनला मराठी. त्यांनी रिकामं पातेलं उलटं धरून दाखवलं. दोन मिनिटांत मार्टिन आमच्या माळ्यावर होता.

शिडीवर तो, खाली मी. टाकीवर त्यानं बोटांनी टकटक केलं. दगडावर वाजावं तसं वाजलं. आणि मग, “जीझस, मेरी अँड जोसेफ. टाकीखाली हे गादीसारखं काय घातलंय कुणी?”

“मी,” मी म्हटलं. तेवढं एक त्या सकाळी कबूल केलं, कारण दुसरं कुणी मिळण्यासारखं नव्हतं.

“घराची ऊब खालून येते आणि टाकीला राखते, म्हणून टाकीखाली कुणी काही घालत नाही. तू घराला स्वेटर घातलास शिरीष, आणि टाकीला बाहेर काढलंस.” असं म्हणून त्यानं लोकर ओढून काढायला सुरुवात केली. माझ्या डोक्यावर काचेची लोकर पडत होती आणि मला खाजत होतं. “आणि आधी मेन कॉक बंद कर. बर्फ सुटल्यावर कुठं पाइप फुटला असेल तर छतातून धबधबा येईल. कुठं आहे तो?”

कारखान्यातला एकूण एक कॉक मला नंबरासकट पाठ होता. स्वतःच्या घरातला कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.

मार्टिन शिडीवरून उतरला आणि जिन्यात उभ्या सासूबाईंना त्यानं हवेत चावी फिरवल्याची खूण केली. सासूबाई लगेच वळल्या, खाली स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालचं कपाट उघडलं, पिठाचा डबा, लसणाची पिशवी बाजूला केली आणि मागच्या भिंतीतली लाल चावी दाखवली. “पयल्याच दिवशी बगून ठिवलीया,” त्या म्हणाल्या. “नव्या घरात आधी पाण्याची चावी बगायची, मग देव मांडायचं.” मी ते इंग्रजीत करून मार्टिनला सांगितलं. त्यानं टोपी काढली.

त्याच्या बापानं त्याच्याकडचा पाइप तीन फूट खोल पुरला होता. त्याला पाणी होतं. म्हणजे हिशेब असा, आमच्याकडे तीन ठिकाणी पाणी होतं: रस्त्यातलं, माळ्यावरचं आणि आईंनी भरलेलं. पहिलं बिल्डरनं घालवलं. उरलेली दोन्ही, पाण्याचं सगळं बघणाऱ्या माणसानं. दिवसभर मी मार्टिनच्या नळाखाली बादल्या भरून कुंपणावरून इकडे देत होतो. दोनदा बर्फावर आडवा झालो. सासूबाई मात्र कमरेवर पातेलं घेऊन त्या काचेवरून सरळ चालत यायच्या आणि मार्टिन दर खेपेला छातीवर क्रूस काढायचा. पहिल्या बादलीत त्यांनी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले. दुसरी बाळाच्या आंघोळीला. तेव्हा मला कळलं की बारसं रद्द होणार की नाही हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेलाच नव्हता.

बारसं झालं. तिसांतली एकोणीस माणसं घसरत-घसरत आली. लेटरकेनीचा एक डॉक्टर तर चार तास गाडी हाकून आला आणि आधी न्हाणीघर कुठं म्हणून विचारता झाला. त्याच्या हातात बादली दिली. सासूबाईंनी बाळाला टोपलीत घातलं, पुटपुटल्या, आणि इरा हे नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरात उमटलं. मार्टिन मागे भिंतीला टेकून घुगऱ्या खात होता. माणसांनी मला विचारलं, पाणी कसं गेलं रे? मी बिल्डरला शिव्या दिल्या. सगळ्यांनी दिल्या. मोठं साग्रसंगीत बिल्डरपूजन झालं. सासूबाई पंगतीत मठ्ठा वाढत होत्या.

सोमवारी विमानतळावर मायलेकी रडल्या. मेधा मध्येच हुंदका गिळून म्हणाली, “आई, गोळ्या वेळेवर घेत जा. अलीकडे तुझं लक्ष नसतं.” त्या “व्हय, व्हय” म्हणाल्या. मी सामानाची गाडी ढकलत होतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा सासूबाई काही विसरल्या, चष्मा, वाढदिवस, कुकरची शिट्टी, तेव्हा मेधानं ते पाणी आठवलं. मी प्रत्येक वेळी ऐकलं. दर वेळी वाटलं, आता सांगावं. आणि दर वेळी एक वर्ष उशीर झालेला असायचा.

त्या हिवाळ्यापासून आमच्याकडे पाणी मी भरतो. नोव्हेंबर ते मार्च, रोज संध्याकाळी, पंधरा भांडी. इरा आता मेधाच्या खांद्याच्या वर गेली आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर ॲथलोनच्या इंग्रजीत येतं. “बाबा, वुड यू स्टॉप!” ती पातेली ओलांडत म्हणते. मेधा म्हणते, तू अगदी आईसारखा झालास. मी ते कौतुक म्हणून घेतो. चोराला माळ घालावी, तसं ते माझ्या गळ्यात पडतं.

गेल्या रविवारी ही पानं मी मेधाला दिली. बाहेर कडक हिम पडलं होतं, रेडिओवर थंडीचा इशारा चालू होता. ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. वाचून झालं तेव्हा तिनं पानं ओट्यावर ठेवली, सरळ केली, आणि कोल्हापूरला फोन लावला. स्पीकरवर.

“आई, इराच्या बारशाच्या वेळचं पाणी कुणी ओतलं होतं?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “आता हे कशापायी?”

“सांग तरी.”

“मीच. शिळं झालं हुतं.”

“शिरीषनं लिहून दिलंय आई. त्यानं ओतलं म्हणून.”

“लिवंनात की. लिवणाऱ्याला काय, जादाचं लागतंच. मीच वतलं. तितं थंडी हाय का? पाणी भरलंया न्हवं?”

मेधानं खाली ओळीनं लागलेल्या भांड्यांकडे बघितलं. झाकण्या कमी पडल्या होत्या, दोन भांड्यांवर ताटल्या होत्या. मग माझ्याकडे.

“भरलंय,” ती म्हणाली. “त्यानंच.”